आफ्रिका, सहा सीट

मंगरूळपीरहून आफ्रिकेला थेट गाडी नाही, हे मला ठाऊक होतं. पण वाटेत इतक्या ठिकाणी थांबावं लागतं, आणि त्यातली निम्मी ठिकाणं आपल्याच गल्लीत आहेत, हे ठाऊक नव्हतं.

बेत तसा साधा होता. युगांडा नावाच्या देशात बारा दिवस जायचं, तिथली जंगलं आणि पाणथळी हिंडायच्या, पक्षी बघायचे आणि परत यायचं. जायचं मी आणि आईनं. मी इथल्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. वय चाळीस, लग्न नाही, चष्मा आहे. आई घरी असते. ‘घरी असते’ हे मी बायकांच्या बाबतीत म्हणतात त्या अर्थानं म्हणत नाही. बाबा गेल्याला वर्ष होत आलं होतं आणि तेवढ्या काळात ती फाटकाबाहेर तीनदा पडली होती. एकदा लोकसभेच्या मतदानाला, एकदा विधानसभेच्या, आणि एकदा बँकेत, आपण जिवंत असल्याचं सांगायला.

मला तिला बाहेर काढायचं होतं. पुढचं सगळं या एका वाक्याचा विस्तार आहे.

आफ्रिकाच कशाला, लोणार जवळ आहे, असं मला पुष्कळांनी सांगितलं. आफ्रिका बाबांची होती. माझे बाबा बबनराव सर म्हणजे आमच्या गावचा भूगोल. चाळीस वर्षं त्यांनी तो शिकवला आणि चाळीस वर्षं पहाटे सायकल काढून ते गावाबाहेरच्या तलावावर पक्षी बघायला गेले. युगांडाच्या दलदलीत शूबिल म्हणून एक पक्षी असतो. माणसाच्या छातीएवढा उंच, करडा, आणि चोच अशी की कोणी तोंडावर जुना बूट बांधून दिला असावा. बाबांनी त्याचं नाव ठेवलं होतं खेटरचोच्या. वर्गात त्याचं वर्णन करताना ते पायातली वहाण काढून नाकासमोर धरत आणि एका पायावर स्तब्ध उभे राहत. नवे हेडमास्तर एकदा खिडकीतून हे पाहून शाळेत रुजू व्हावं की नाही या विचारात पडले होते म्हणे.

युगांडाची फाईल अकरा वर्षं चालली. नकाशे, पावसाचे महिने, कुठल्या सरोवराच्या काठी कुठल्या महिन्यात पाणी किती. जाणं मात्र पुढं ढकललं जायचं. एकदा शाळेचा सुवर्णमहोत्सव आला, एकदा टाळेबंदी आली, आणि शेवटच्या खेपेला मी आले. कॉलेजात तपासणी समिती येणार होती, रजा मागणं बरं दिसलं नसतं. मी म्हटलं, “बाबा, पुढच्या वर्षी.” ते म्हणाले, “बरं.” त्यांनी फायलीवरचं साल खोडून पुढचं लिहिलं. समिती आली, वाचनालयात वीस मिनिटं बसली आणि चहा पिऊन गेली.

असो.

आईला कसं तयार करायचं याचा मी महिनाभर अभ्यास केला. हवापालट, हौस, बाबांची इच्छा, अशा क्रमानं मुद्दे काढले; तिचे आक्षेप काढले; त्यांची उत्तरं काढली. एका रविवारी ती मेथी निवडत होती तेव्हा जाऊन समोर बसले आणि म्हटलं, “आई, आफ्रिकेले जाऊ आपण.”

तिनं वर न बघता विचारलं, “तू येतं काय?”

“हो.”

“मंग जाऊ,” असं म्हणून तिनं पुढची जुडी घेतली.

एकही मुद्दा वापरायला मिळाला नाही. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाचा याहून मोठा अपमान होत नसेल.

पुण्याच्या ज्या कंपनीकडे असल्या सहली होत्या तिथं फोनवर निकिता नावाची मुलगी होती. तिचा आवाज असा आनंदी की माझं काहीतरी चांगलं झालंय आणि ते तिला माझ्याआधी कळलंय, असं वाटे. “मॅम, तुमच्या तारखांना अजून कोणीच नाहीये. आमचं कमीत कमी सहाचं असतं. सहा झाले की गाडी निघते.”

फोन ठेवला आणि आफ्रिका मला एकदम जवळ आल्यासारखी वाटली. शेलूबाजारच्या चौकातल्या जीपाही याच तत्त्वावर चालतात.

नेमका त्याच वेळी फाटकात भागवत उभा होता. भागवत बाबांचा विद्यार्थी. दहावीला भूगोल सोडून बाकी सगळ्यांत नापास झाला आणि त्या एका विषयाच्या जोरावर त्यानं जीप घेतली. मंगरूळ ते शेलूबाजार हा त्याचा मार्ग. दर दोन दिवसांनी तो आईला काही हवं-नको विचारायला येतो.

“किती सीट कमी हायेत ताई?”

“चार.”

“चार?” त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मला पाढे येत नव्हते. “मी चौदा मानसं पंधरा मिनटात भरतो, अन् तुमी चारसाठी तोंड पाडून बसल्या?”

“भागवत, ही शेलूबाजारची गाडी नाही.”

“गाडी कोनतीबी असो ताई. मानूस रिकाम्या गाडीत बसत नाई. भरेल गाडीत जागा मागते.”

हे वाक्य मी तेव्हा गांभीर्यानं घ्यायला हवं होतं. पण ते छापलेलं नव्हतं, त्यामुळे घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. “मॅडम, नोकरी सोडायचा विचार आहे का?” म्हणाले. “शेलूबाजारच्या चौकात तुमचा माणूस ‘आफ्रिका, आफ्रिका, दोनच सीट’ म्हणून ओरडतोय. माझ्या मेहुण्यानं ऐकलं. त्याला वाटलं, आपल्या कॉलेजचं नवं वसतिगृह असेल.”

मी संतापून भागवतला फोन केला. तो म्हणाला, “अवं ताई, दोनच उरल्या खरंच. रतनलाल शेठ अन् भाभी लिवले.”

रतनलाल शेठ आमच्यासमोर राहतात. खाली कापडाचं दुकान, वर ते आणि राजमतीभाभी. संध्याकाळी दोघंही आले. शेठ बसले, घाम पुसला आणि म्हणाले, “वैजू बेटा, हम भी चलते. सर आयुष्यभर बोलावून राह्यले होते तलावावर, कधी गेलो नाई. मेरेकू एकच सांग, तिथं खायले काय भेटते?”

मी प्रामाणिकपणे सांगितलं की तिकडं कसावा पुष्कळ खातात.

“थे काय असते?”

“कंद असतो.”

शेठ आणि भाभी यांनी एकमेकांकडे पाहिलं. कंदमूळ न खाणाऱ्या माणसांना मी बारा दिवसांसाठी कंदांच्या देशात नेत होते. “काही हरकत नाई,” शेठ म्हणाले, “खाकरे घेऊ.” भाभी म्हणाल्या, “बीस किलो.” मग त्यांनी विचारलं की तो मोठा पक्षी काय खातो. मासे, असं मी म्हटल्यावर भाभींनी डोळे मिटले. “त्याची जेवायची वेळ सोडून जाऊ,” त्या म्हणाल्या.

पाचवे मदनसिंग. वनखात्यातून निवृत्त झालेले वनरक्षक. आयुष्य काळविटं मोजण्यात गेलं, त्यामुळे दर दुसऱ्या वाक्यात एक आकडा असतो. त्यांनी मला अर्धा तास जंगलात कसं वागावं हे सांगितलं. हत्ती समोर आला तर उताराकडे पळायचं, गेंडा आला तर झाडावर चढायचं, आणि वरिष्ठ अधिकारी आला तर दोन्ही करायचं. सहावा स्वतः भागवत. “डायवर नको काय?” म्हणाला. तिकडं चालक असतो हे मी सांगितलं, तर म्हणाला, “असू द्या. मी बाजूले बसतो. त्याले रस्ता इचारायची लाज वाटली तं मी इचारतो.”

दोन दिवसांत सहा सीट भरल्या. निकिता फोनवर ओरडली, “वॉव मॅम!” मला थोडा अभिमान वाटला, हे लपवत नाही. मोबाईलवर गट निघाला, ‘आफ्रिका सहा सीट’. त्यावर रोज सकाळी शेठ गिधाडाच्या चित्रावर ‘शुभ प्रभात’ लिहून पाठवू लागले.

एवढं झाल्यावर कळलं की आईचा पासपोर्ट साडेनऊ वर्षांहून जुना आहे. आई-बाबांनी एकदमच काढले होते. तो संपायला पाच महिने होते आणि युगांडाला सहा लागतात. म्हणून नवा काढायला गेलो, तर जुन्यावर ‘प्रयागबाई’ आणि आधार कार्डावर नुसतं ‘प्रयाग’.

“या दोन व्यक्ती झाल्या,” खिडकीतला माणूस म्हणाला.

“एकच हाये,” आई म्हणाली. “पाह्यना.”

त्यानं पाहिलं, पण त्यातून काही साध्य झालं नाही. प्रतिज्ञापत्र करावं लागलं की मी, प्रयागबाई, हीच प्रयाग आहे. आईनं सही करताना विचारलं, “अन् बाई कुठं गेली म्हनून इचारलं तं काय सांगू?”

मग चौकशीला पोलीस आला. त्यानं शेजाऱ्यांना विचारावं असा नियम आहे. शेठनी त्याला दुकानातच बसवून चहा पाजला. भाभींना त्यानं विचारलं, “या बाईंचं वर्तन कसं आहे?” भाभी म्हणाल्या, “चालीस साल से देख रही हूँ. इनके अचार को कभी फफूंद नहीं लगी.” लोणच्याला बुरशी लागत नाही, हे लिहून घ्यावं की नाही याचा शिपायानं बराच वेळ विचार केला. मग तो आमच्याकडे वळला. “आफ्रिकेले काय कामानं जाता काकू?”

“पोरीले जायचं हाये,” आई म्हणाली.

मला वाटलं, जुन्या पिढीचा संकोच. स्वतःची हौस सांगायची नाही, मुलांवर ढकलायची. मी मनातल्या मनात तिला क्षमाही केली.

पासपोर्ट आला. निकितानं सूचना पाठवल्या. शूबिलच्या दलदलीत लाकडी होडीतून जावं लागतं, तीन तास शांत बसायचं, भडक कपडे नकोत, अत्तर नको. गटावर हे टाकल्यावर मदनसिंगांनी सरावाची कल्पना काढली. “बिना तालमीचा गडी कुस्तीले नाई उतरत,” ते म्हणाले. होडी नव्हती, म्हणून भागवतची जीप होडी समजायची असं ठरलं. रविवारी सकाळी सहाला ती तलावाच्या काठी उभी केली.

आई आली. मी तिच्याकडे चोरून पाहत होते. फाटकाबाहेर ती पुन्हा पडली, आणि तेही मतदान, बँक किंवा पासपोर्टाची खिडकी नसताना. माझ्या दृष्टीनं युगांडा तिथंच निम्मं पार पडलं होतं.

बाकीचं पार पडत नव्हतं. भाभी साधी म्हणून जी साडी नेसून आल्या होत्या तिच्यावर उन्हाचा पहिला किरण पडताच तलावापलीकडची म्हैस उठून उभी राहिली. शेठनी तीन तास उपाशी राहायला नको म्हणून खाकरा आणला होता. शांततेत खाकरा मोडल्याचा आवाज किती दूर जातो हे ज्यांनी ऐकलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. दोन बगळे आणि एक टिटवी ताबडतोब उडाली. मदनसिंग कुजबुजले, “एकोनीसशे अठ्ठ्याऐंशीत इथी एकशे बारा करकोचे होते.” मी बोटानं चूप म्हटलं. ते आणखी हळू म्हणाले, “बारा कमी धरा.”

शेवटी सगळे खरंच गप्प झाले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पाण्यावर दोन हळदी-कुंकू बदकं आली. मी दुर्बीण आईपुढं धरली. तिनं ती मांडीवर ठेवली आणि समोरच्या चिखलाकडे पाहत राहिली.

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि वांग्यांची टोपली घेऊन एक बाई आत चढली. तिनं टोपली शेठच्या पायांवर ठेवली, भाभींना सरकवलं आणि बसली. नंतर कळलं, तिचं नाव दुर्गाबाई, निघाली होती शेलूबाजारच्या बाजाराला. थांबलेली जीप आणि आत माणसं, एवढा पुरावा तिला पुरला होता. भागवतला बोलायची बंदी होती. तो हातानं नाही-नाही करत होता. तिला वाटलं, सुटे पैसे नाहीत म्हणतोय.

“राहू दे, उतरल्यावर देतो,” ती म्हणाली. मग तिनं एकेकाचं तोंड पाहिलं. सहा माणसं, पहाटेची वेळ, कोणी कोणाशी बोलत नाही, सगळे पाण्याकडे पाहतायत. तिचा आवाज एकदम उतरला. “काहून चूप हा बापा सारे? कोन गेलं?”

भागवतचे हलणारे हात थांबले.

“आमचे सर,” आई म्हणाली.

“अरे राम. कधी?”

“चौदा महिने झाले.”

दुर्गाबाईनं सगळ्यांवरून पुन्हा एकदा नजर फिरवली. “अन् तवापासून बसूनच हा?”

आधी शेठ हसले, की त्यांना ठसका लागला, सांगता येत नाही. मग भागवत, मग भाभी. आईचा पदर तोंडावर होता आणि खांदे हलत होते. मी पाण्याकडे पाहत होते. बदकं उडाली होती. दुर्गाबाईला आम्ही शेलूबाजारला सोडून आलो. तिनं उतरताना आईच्या ओटीत चार वांगी टाकली.

त्यानंतर सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. नागपूरला पिवळ्या तापाची लस घ्यायची तारीख ठरली, गुरुवार. ती घेतल्याशिवाय पक्कं काही नव्हतं. आणि सोमवारी सकाळी शेठ आले.

“बेटा, बडी गडबड हो गई. पुनीतनं मोबाईलवर पाह्यलं.” पुनीत त्यांचा मुलगा, अकोल्याला असतो. “थे लस अंड्यात बनते.”

ते खरं होतं. मी भाभींकडे पाहिलं. भाभी म्हणाल्या, “मेरा तो नियम है बेटा. चातुर्मासात दिशेचं व्रत घेतलं होतं, दक्खिनेकडे इतक्या कोसाच्या पलीकडे जायचं नाई. थे आता आठवलं.” युगांडा दक्षिणेला कमी आणि पश्चिमेला जास्त आहे, हे माझ्या ओठांवर आलं होतं. भूगोलाच्या मास्तरांची मुलगी आहे मी. पण दुसऱ्याच्या व्रतात नकाशा घेऊन शिरू नये.

दुपारी मदनसिंगांचा निरोप आला. गुडघा. कुठला ते लिहिलं नव्हतं. “पन्नास टक्के बरा वाटला तं कळवतो.”

संध्याकाळी भागवत स्वतः आला. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो फाटकाच्या गजाशी खेळत म्हणाला, “ताई, लगनसराई हाये. गाडी सोडून कसं जमन?”

तेव्हा माझा तोल गेला. नजरेनं पंखे फिरायचे थांबतात अशी कॉलेजात जिची ख्याती आहे, ती मी अंगणात उभी राहून ओरडले. मी चार कार्यालयं हिंडले, प्राचार्यांसमोर मान खाली घातली, गिधाडांचे शुभ प्रभात सहन केले. “तुमाले यायचंच नव्हतं तं नाव कायले दिलं?”

“आमी बसवेल होतो ताई,” भागवत म्हणाला.

बसवलेली माणसं म्हणजे काय, हे आमच्याकडे लहान मुलालाही कळतं. रिकाम्या जीपमध्ये कोणी चढत नाही, म्हणून चालक आपलीच चार माणसं आधी आत बसवतो. पानवाला, त्याचा भाऊ, दुसऱ्या जीपचा चालक. गाडी भरत आलीय असं पाहून खरं गिऱ्हाईक चढतं. खरी माणसं भरली की ही एकेक करून उतरतात, कोणी चहाला म्हणून, कोणी तंबाखूला म्हणून. वीस वर्षं मी त्या जीपांतून गेले आहे. शेजारच्याच्या पिशवीत काही नाही, हे मला तो उतरताना कळायचं. तीच माणसं मी आफ्रिकेच्या यादीत, वय-पत्त्यासह, पुण्याला कळवली होती.

“आमाले वाटलं तुमची सीट भरली का पुन्याची चार येतीन. मंग आमी उतरू. आता सुईची पाळी आली तं उतराच लागते ना. शेठ-भाभीनं तं व्रत-बित खरंच शोधून काढलं, खोटं नको म्हनून.”

“पण मला न सांगता?”

“सांगतलं असतं तं तुमी ‘नाई’ म्हनल्या असत्या. काकूच म्हने, तिले सांगू नको.”

“कोण काकू?”

त्यानं मान खाली घातली. मग घराकडे पाहिलं.

आई स्वयंपाकघरात होती. तव्यावर भाकरी होती. मी दारात उभी राहून म्हटलं, “तू भागवतले गाडी भरायले सांगितलं?”

“हो.”

“काहून?”

तिनं भाकरी उलटली. “तू रातचे आठ-आठ वाजेपर्यंत वाचनालयात बसतं. कुत्रंबी नसते तिथं. घरी आली का जेवली-नाई जेवली करतं अन् त्याईची फाईल काढून बसतं. चौदा महिन्यात रडली नाई तू. मले वाटे, या पोरीले एकदा बाहेर काढा लागते. तू आफ्रिका म्हनली, मी म्हनलं जाऊ दे, आफ्रिका तं आफ्रिका. मी बसली तं तू निघशीन.”

“म्हणजे तुला जायचंच नव्हतं?”

“मले काय करायचं तिथं?”

मी पाटावर बसले. “आई, मी तुला बाहेर काढायला हे केलं.”

भाकरी करपली. आमच्या घरात ती गोष्ट सहसा होत नाही. सहा जणांची गाडी. त्यात चार बसवलेले, आणि उरलेल्या दोघी एकमेकींसाठी बसलेल्या. खरा प्रवासी एकच होता, आणि तो उतरून गेला होता. आई माझ्याकडे पाहत होती, मी तिच्याकडे. कोण आधी हसलं हे आम्ही अजून ठरवलेलं नाही. मी हसता हसता थांबायला हवं होतं तिथं थांबले नाही, आणि पुढं ते हसणं राहिलं नाही. आईनं तवा उतरवला, गॅस बंद केला आणि शेजारी येऊन बसली. त्या दिवशी आम्ही शेठकडचे खाकरे खाल्ले. वीस किलोंपैकी सहा त्यांनी खरोखरच मागवले होते.

बुधवारी निकिताचा फोन आला. सगळं रद्द, असं सांगायचं वाक्य मी पाठ करून ठेवलं होतं. तिनं मला बोलूच दिलं नाही. “मॅम, गुड न्यूज! तुमचे सहा बघून कोईमतूरचे चार जण जॉइन झाले. आता तुमच्यातले चार नाही आले तरी गाडी निघते!”

भागवतचं शास्त्र कोईमतूरपर्यंत लागू होतं.

मी आईला सांगितलं. तिनं विचार केला. “त्या चौघाईत खरे किती हायेत?”

“मला काय ठाऊक?”

“मंग उद्या जाऊन तं येऊ नागपूरले. तारीख घेतली हाये.”

जाऊन येऊ म्हणजे टोचून घेऊ असा त्याचा अर्थ नव्हता. तिचा काय होता ते मला कळलं नाही, माझा काय होता तेही. गुरुवारी भागवत लगनसराई सोडून जीप घेऊन हजर झाला. शेठ, भाभी आणि गुडघ्यासकट मदनसिंग आमच्या सोबतीला, बसवल्यासारखे नव्हे तर खरोखर, मागे बसले. नागपूरच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर चौघं रांगेत बसून राहिली आणि आम्ही दोघी आत गेलो.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं आईचे कागद पाहिले. “आजी, वय चौसष्ट ना?”

“आजी काहून म्हनतं? मले नातू नाई,” आई म्हणाली, आणि माझ्याकडे पाहायचं टाळलं.

डॉक्टर हसली. “बरं, काकू. साठीच्या वर ही लस आम्ही जरा विचारपूर्वक देतो. क्वचित त्रास होऊ शकतो. तुमच्या डॉक्टरांनी तब्येत ठीक लिहिलंय, पण मला विचारावंच लागतं. तुमचं जाणं खरंच गरजेचं आहे का?”

सुटकेचं दार याहून सभ्यपणे कोणी उघडलं नसतं. “तसं काही...” मी म्हणू लागले.

“थांब तू,” आई म्हणाली. मग डॉक्टरकडे वळली. “गरजेचं हाये.”

“काय काम आहे?”

“आमच्या घरचा मानूस चाळीस वर्षं रोज सकाळी मले झोपेल सोडून पाखराईकडे गेला. उनाळा नाई, हिवाळा नाई. मी कधी इचारलं नाई का असं काय हाये त्याईच्यात. म्हनलं, सांगन कधीतरी. थो न सांगताच गेला. त्या दिवशी तलावावर बसली तं मले राग आला. बदकाईचा. ताई, खरंच सांगतो, बदकाईचा राग आला मले. एवढीशी बदकं, अन् माझा सारा सकाळचा मानूस घेऊन बसली.” ती जरा थांबली. “अन् हे आफ्रिकेतलं पाखरू तं त्यानं पाह्यलंबी नाई, तरी त्याच्यासाठी अकरा वर्षं झुरला. मले त्याच्या तोंडापुढं जाऊन बसायचं हाये. तीन तास चूप बसा लागते म्हनते, बसतो. पन पाहतो एकदा, काय हाये त्याच्यात.”

डॉक्टरनं पेन हातात धरलं होतं. ती माझ्याकडे पाहत होती; मी आईकडे. चाळीस वर्षं मी त्या घरात वाढले आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

“इथं प्रवासाचं कारण लिहावं लागतं काकू,” डॉक्टर हळूच म्हणाली. “पर्यटन लिहू?”

“नाई. लिवा, चौकशी.”

डॉक्टरनं लिहिलं. आईनं मान वाकडी करून ते वाचलं, पटल्यासारखी बाही वर सारली, आणि माझ्या अर्जावर बोट ठेवून म्हणाली, “हिचंबी तेच लिवा. दोघी मिळून इचारू त्याले.”